करदोडा

(सिल्वासातलं एक रुग्णालय. दुपारची वेळ, अतिदक्षता विभागाचं दार.)

बायडाबाई : खोटं नका बोलू सिस्टर. मानूस गेला असंल तर गेला म्हना. हे बघा, पिशवीत घालून काय दिलं मले.

शैलजा : करदोडा आहे तुमच्या मालकांचा. मीच कापला.

बायडाबाई : जित्त्या मानसाचा करदोडा कोन कापतं? आमच्यात तो मेल्यावर तोडतात.

शैलजा : आमच्या कोकणातही तसंच आहे हो.

बायडाबाई : ठाऊक असून कात्री लावली?

शैलजा : गोकुळभाऊंना पालथं झोपवलंय. सोळा तास तसंच ठेवायचं. दोरा पोटाखाली रुतून जखम झाली असती. धांदलीत तुम्हाला विचारायचं राहिलं. चुकलंच माझं.

बायडाबाई : पालथं? ज्याले श्वास पुरत नाही त्याले तोंडावर टाकलं?

शैलजा : न्यूमोनियानं फुप्फुसं पाण्यानं जड झालीत. उताणं ठेवलं की पाठीकडचा भाग दबतो, तिथं हवा पोचत नाही. पालथं केलं की तो मोकळा होतो. सहा जणांनी मिळून वळवलं, घशातली नळी जराही हलू दिली नाही. तुमच्या दिरांनी सही केली ना? डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं.

बायडाबाई : हिंदीत भराभर सांगितलं, नथूभाऊनं मान डोलावली. करदोडा पाहून तोच आधी रडला. गावी फोनबी केला, तिथं घरची चूल इझवली. आता गाडी आनायला गेलाय. मशीन काढा, घरी नेतो म्हनतो.

शैलजा : बायडाबाई, मशीन काढलं तर वाटेतलं खानवेलसुद्धा गाठायचे नाहीत ते.

बायडाबाई : मशीनच तर छाती हालवतंय. मेलेल्याचीबी हालवंल!

शैलजा : चला आत. हा गाऊन घाला. मास्क नीट लावा.

बायडाबाई : ...अगं माय. तोंड किती सुजलंय यांचं.

शैलजा : पालथं ठेवलं की सुजतं, मग उतरतं. बोटं ठेवा इथं, मनगटावर. अंगठ्याच्या बाजूला.

बायडाबाई : काईच नाही.

शैलजा : थोडं दाबा. घाई नाही.

बायडाबाई : ...हाय. उडतंय. उडतंय हो सिस्टर!

शैलजा : हे मशीन करत नाही. हे त्यांचं स्वतःचं आहे.

बायडाबाई : मंग वाचतील?

शैलजा : तसं वचन देत नाही मी. सकाळी ऑक्सिजन ब्याऐंशी होता, आता नव्वद आहे. मशीन मुद्दाम छोटे छोटे श्वास देतंय, फुप्फुसांना इजा नको म्हणून. उद्या उताणं करू, परवा कदाचित पुन्हा पालथं. आठवडा जाईल, जास्तही जाईल. पण आज आहेत, हे मी छातीठोक सांगते.

बायडाबाई : मी तर मनातल्या मनात कुंकू पुसून बसले होते.

शैलजा : रडा. मी आहे इथं.

बायडाबाई : रडायचं नंतर. नथूभाऊले फोन लावा आधी, मले लावता येत नाही.

शैलजा : हं, लागला. बोला.

बायडाबाई : नथूभाऊ, गाडी परत पाठवा. ...नाही, कोनी फसवलं नाही, मी हात लावून पाह्यलं. ...हो, हायेत. रडू नका, ऐका. गावी आईले पयले फोन करा. म्हना, चूल पेटवा.