अत्तराचं कपाट आणि पट्ट्याची जाळी

मंडळी, टाळ जरा थांबवा. मृदंगबुवा, तुम्हीही हात टेका. एक प्रश्न विचारतो — उत्तर मोठ्यानं देऊ नका, शेजारी बायको बसलेली असेल! माणसानं हौस करावी की नाही? करावी! देवानं नाक दिलंय ते काय नुसतं शिंकायला? पण एका हातानं हौस करायची आणि दुसऱ्या हातानं गुपचूप दान करायचं — एवढ्यानं माणूस सुटतो का? ऐका तर.

बार्शीकडं गुरुलिंगशेठ म्हणून एक गृहस्थ. सरकीच्या तेलाची गिरणी. आणि नाद कसला? अत्तराचा! काचेचं कपाट, त्यात दोनशे कुप्या. हिना, खस, केवडा, ऊद! कानात फाया ठेवून बसले की तासभर कुणाशी बोलत नसत. एकदा आमच्या गुरुजींच्या मनगटाला लावलं — गुरुजी तीन दिवस आंघोळ टाळत होते! हसा, हसा. पुढं हसायला मिळायचं नाही.

माणूस वाईट नव्हता हो! मनाला टोचणी होती. म्हणून नेम केलेला — नवी कुपी घेतली की तेवढीच रक्कम गावच्या दवाखान्यात, गोरगरिबांच्या औषधाला. नाव नाही, पाटी नाही. ठाऊक फक्त तिथल्या डॉक्टरीणबाईंना. शेठ मनात म्हणायचे, "घेतो तेवढं देतो. देव काही रागावणार नाही."

आता गिरणीत या. तिथं मोठा पट्टा गरगर फिरतो, आणि माणूस त्यात ओढला जाऊ नये म्हणून त्याच्यापुढं लोखंडी जाळी असते. ती जाळी तुटली. हणमंता मिस्त्री आला — "शेठ, जाळी बशिवली पायजे. एक दिस गिरणी बंद ठिवू."

"ऐन हंगामात? बघू."

आठ दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा — "बघू." तिसऱ्यांदा आला तेव्हा शेठ लखनौला निघालेले! कुणा जुन्या घराण्यातली उदाची कुपी विकायला निघाली होती ना. "आल्यावर बघू रे हणमंता!" आणि गाडी सुटली.

कुपी मिळाली! परत आले ते स्टेशनवरून थेट दवाखान्यात. नेम म्हणजे नेम! खिशात कुपी, हातात पाकीट, मन कसं प्रसन्न.

दारात निवृत्ती बसलेला. शेठच्याच गिरणीतला हमाल. डोक्याला पटका नाही, सदऱ्यावर रक्त.

"काय रे निवृत्ती? इथं कुठं?"

"मालक, माझी बायकू केरा... पट्ट्याखालची सरकी झाडत हुती. पदर गेला पट्ट्यात. हात गेला, बरगड्या गेल्या."

शेठ आत डॉक्टरीणबाईंकडं जायला वळले. पण निवृत्तीचं बोलणं थांबेना — "डॉक्टरीणबाई म्हनल्या, औषदाची काळजी करू नगं. कुनी पुन्यवान मानूस हाय, गुपचूप पैका देतो. मालक, तुमी मोठी मानसं. तुमाला ठावं असंल. कोन हाय त्यो? मला त्याचं पाय धरायचं हायती."

मंडळी, शेठ गप्प बसू शकले असते! गुप्तदान ना? या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात ना? पण त्या माणसाच्या डोळ्यांत बघून त्यांना गप्प राहवेना.

"निवृत्ती... तो मीच."

निवृत्ती वाकला. हात पायांपाशी आले — आणि तिथंच थांबले. त्यानं मान वर केली.

"मंग जाळी का न्हाई बशिवली, मालक?"

मंडळी, याचं उत्तर? तुम्ही द्या! आहे का कुणाकडं?

तिसऱ्या दिवशी केराबाई गेली. मसणवट्यात शेठ सगळ्यांच्या मागं उभे राहिले. कुणी त्यांना पुढं बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवली, जाळी बसवली — स्वतः उन्हात उभं राहून बसवून घेतली. निवृत्तीच्या दोन्ही मुलींचं सगळं केलं. निवृत्तीनं घेतलं. मुलींसाठी घेतलं! पण पुढं अकरा वर्षं तो त्याच गिरणीत राबला आणि शेठशी एक शब्द बोलला नाही.

तुम्हाला वाटेल, शेठनं अत्तरं गटारात ओतली. नाही ओतली! ओतून केराबाई उठून बसणार होती का? वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा फायाही लावू लागले. दवाखान्यातलं पाकीटही चालू राहिलं. पण रोज सकाळी आधी गिरणीत फेरी — एकेकाला विचारायचं, "काय मोडलंय?" आणि ते नीट झाल्याशिवाय कपाटाच्या किल्लीला हात लावायचा नाही. मरेपर्यंत!

हौस पाप नव्हती, बाबांनो. दानही खोटं नव्हतं. पण दान परक्याच्या दारात गेलं, आणि आपल्यासाठी राबणाऱ्याला नुसतं 'बघू' मिळालं.

आता माझ्याकडं काय बघता? स्वतःकडं बघा! अहो यजमान, तुमच्या घरची धुणंवाली बाई ओलं धुणं घेऊन गच्चीवर चढते. त्या जिन्याचा कठडा हलतोय — ठाऊक आहे ना? दिवाळीपासून ठाऊक आहे! आणि इथं देवाला चांदीची प्रभावळ करायची म्हणून माझ्यामागं लागलात. करू, जरूर करू. पण उद्या ती बाई यायच्या आत सुतार बोलवा. देव थांबतो, मंडळी. युगानुयुगं थांबलाय. कठडा थांबायचा नाही!

म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!