वस्तऱ्यांवरच्या खुणा आणि माझे गोंदण

सवतीचा जाच काय असतो, ते मला विचारा. माझ्या सवतींनी अख्खी पेटी भरली होती.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या यांना जुने वस्तरे जमविण्याचा नाद लागला. वस्तरा हाती आला, की पात्याच्या मुळाशी कोरलेली खूण भिंगातून पाहायची आणि तो इंग्लंडातल्या शेफिल्डचा की जर्मनीचा, कोणत्या कारखान्याचा, ते शोधून काढायचे. ताटातले अन्न निवत असे आणि हे मलमलीने पाते पुसत बसत.

एके दुपारी मला राहवले नाही. "अहो, लोखंडाचे कूळ शोधता, माझ्या हातावरचे गोंदण कुणाच्या हातचे, हे कधी विचारलेत?"

"मंग आण की हात इकडं!"

त्यांनी खरोखरच माझा हात धरला आणि कोपराच्या आतल्या बाजूची गोंदलेली तुळस भिंगातून न्याहाळू लागले. खोटे कशाला बोलू, मी सुखावले.

"हा शेवटचा ठिपका खाली घसरलाय बघ," ते आनंदाने म्हणाले. "गोंदणारीची खूणच ही! आमच्या शाळेतल्या लीलाबाईंच्या हातावर बिलकुल अशीच तुळस हाय. दोघींचं गोंदण एकाच बाईचं, बराबर!"

"कोपराच्या आत?"

"हां, तिथंच... म्हंजे, त्या फळ्यावर लिहायच्या तवा..."

मी हात सोडवून घेतला. त्यापेक्षा लोखंडाच्या सवती परवडल्या! त्याच संध्याकाळी टेंभुर्णीच्या भाच्याला निरोप धाडला, की गावात जुने वस्तरे मिळतील तेवढे घेऊन ये.