चाळीस झेरॉक्स

नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढं एक बाई आणि शाळेच्या गणवेशातली तिची मुलगी उभी होती.

"चाळीस कशाला गं, महेश्वरी?"

"वर्गात वाटायला. आमच्या इंग्लिशच्या धड्यात गोष्ट सांगणारा 'मी' असतो, पण तो लेखक नसतो. तसंच आम्हाला घरातलं दुसरं कुणीतरी होऊन लिहायचं होतं. मॅडमना माझं आवडलं."

"मग तू कोण झालीस?"

"तू."

"मी? अगं बया! वाच की मग. मराठीतनं सांग, मला कळंल असं."

"'संध्याकाळी सगळे घरात असले, की मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावते.'"

"बरोबर हाय की. पुढं?"

"'मिक्सरच्या भांड्यात काहीच नसतं. तो चालू असला, की माझं रडणं बाहेर ऐकू जात नाही.'"

"महेश्वरी! कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही."

"मग मनानंच लिहिलंस?"

"आई, रोज मिक्सर फिरतो आणि ताटात चटणी कधीच नसते."

"ताई, चाळीस काढू ना?" दुकानदारानं विचारलं.

"थांबा जरा. महेश्वरी, खाली ही सही कुणाची?"

"बाबांची. पालकांची सही लागते ना."

"न वाचताच केली असंल."

"नाही, सगळं वाचलं त्यांनी."

"मग? काय म्हणाले?"

"अक्षर सुधारलंय म्हणाले."

बाईनं सहीवर ठेवलेलं बोट उचललं आणि कागद दुकानदाराकडं सरकवला.

"आई?"

"दादा, एक्केचाळीस काढा. एक माझ्यापाशी राहू दे."