प्रार्थनादिनाची सुटी

(एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळ. डेन्मार्कमधल्या स्वेन्बॉर्गच्या धक्क्यावर, हिवाळ्यात समुद्रात पोहणाऱ्यांच्या क्लबाची लाकडी खोली. मेरेट नुकतीच पाण्यातून वर आली आहे, अंगाभोवती टॉवेल. ग्री कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बाकावर बसली आहे. पलीकडच्या सौनात, म्हणजे तापवलेल्या वाफेच्या खोलीत, म्हातारी बोडिल.)

मेरेट : घसा धरलाय म्हणून कोटसुद्धा काढायचा नाही?

ग्री : उगाच कशाला विषाची परीक्षा.

मेरेट : गेल्या फेब्रुवारीत एकोणचाळीस अंश ताप होता आणि बर्फ फोडून उतरली होतीस. मी काठावरून बोंबलत होते.

ग्री : तेव्हा अक्कल नव्हती गं.

मेरेट : आणि आता आलीय. बरंय. आज हंगामाचा शेवटचा रविवार, आता ऑक्टोबरपर्यंत कुलूप. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तू कोरडी.

बोडिल : ए पोरींनो, दार लावा ते! इथं मी नव्वद अंशांवर नेलंय आणि तुम्ही सगळी ऊब समुद्राला वाटताय. मेरेट, ये आत. ग्री, तू हलू नकोस तिथून. अशा दिवसांत तुला आत घ्यायची नाही मी.

मेरेट : कशा दिवसांत, बोडिल?

बोडिल : सर्दीच्या.

मेरेट : तुम्ही चाळीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडलीत. खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला.

बोडिल : नाही. म्हणून दार मीच लावते.

मेरेट : तिला माहितीये.

ग्री : काय माहितीये?

मेरेट : ग्री.

ग्री : मी नाही सांगितलं. शुक्रवारी आई आणि मी इथं येऊन बसलो होतो, नुसते पाय सोडून. मला रडू येत होतं. बोडिल आली आणि म्हणाली, वाईट की चांगलं? आता काय सांगणार?

मेरेट : शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारीच रक्त तपासायला देऊन आलीस.

ग्री : हो.

मेरेट : गुरुवारी संध्याकाळी मी फोन केला होता. उद्या सकाळी तुला घेऊन जाते, शाळेत पहिला तास दुसऱ्या बाईंना दिलाय, असं म्हणाले. तू काय म्हणालीस?

ग्री : की क्लिनिक बंद आहे. आता सोमवारी.

मेरेट : का बंद आहे?

ग्री : मेरेट, पुरे ना.

मेरेट : का बंद आहे म्हणालीस?

ग्री : मोठ्या प्रार्थनादिनाची सुटी म्हणून.

मेरेट : सरकारनं रद्द केली ती सुटी! यंदापासून! त्याच्यावरून अख्खा देश वर्षभर भांडत होता. मोर्चे निघाले. तू मोर्च्यात होतीस, माझ्या शेजारी, हातात फलक धरून!

ग्री : फलक उलटा धरला होता.

मेरेट : हसवू नकोस मला.

ग्री : अगं, आई गुरुवारी गरम पाव घेऊन आली होती, वेलचीचे, दरवर्षी प्रार्थनादिनाच्या आदल्या संध्याकाळी आणते तसे. मी पावाला लोणी लावत होते आणि तुझा फोन आला. समोर पाव दिसले, तोंडातून सुटी निघाली. माझं काय, बागांमध्ये माती उकरते, मला कुठली सुटी आणि कुठलं कॅलेंडर? फोन ठेवल्यावर कळलं काय बोलले ते. पण तू तर म्हणालीस, हो की, विसरलेच.

मेरेट : मला त्याच सेकंदाला कळलं होतं.

ग्री : मग बोलली का नाहीस?

मेरेट : बघायचं होतं, किती दिवस गप्प बसतेस. शुक्रवारी सकाळी आठला माझ्यासमोर बावीस पोरं, मी फळ्यावर भागाकार मांडतेय आणि मनात एकच, आत्ता तिची बाही वर करत असतील. शनिवारी फोन हातात घेऊन भांडी घासली. भांडी घासताना फोन, ग्री! घरी एस्बेन म्हणाला, एकतर तो बुडेल नाहीतर तू.

ग्री : मी आज सांगणारच होते.

मेरेट : किती आला रक्तातला आकडा?

ग्री : नको ना.

मेरेट : किती?

ग्री : तीनशे बारा.

मेरेट : तीनशे बारा. चांगला आहे. छानच आहे. आणि घरी कधी बघितलंस? क्लिनिकच्या आधी घरी काडी बघितली नसशील असं सांगू नकोस मला.

ग्री : बुधवारी. दोन रेघा.

मेरेट : म्हणजे बुधवारपासून. आईला बुधवारी, बोडिलला शुक्रवारी आणि मी रांगेत बोडिलच्या मागे. रोज संध्याकाळी सातला तुझ्या पोटाची चिमटी धरून अंडी वाढवायची सुई कोण टोचत होतं? बोडिल?

ग्री : तू.

मेरेट : तुला सुई बघितली तरी घेरी यायची. अकरा दिवस मी सायकल हाणत आले. पावसात आले. एस्बेनच्या वाढदिवसाला केक तसाच टाकून आले.

ग्री : म्हणूनच नाही सांगता आलं गं! ज्या दिवशी नर्सनं माझ्या पोटातून चौदा अंडी मिळाली म्हणून सांगितलं, त्या दिवशी तू माझा हात धरला होतास. "शाब्बास" म्हणालीस. आणि तुझा हात असा गार पडला, मेरेट... मी गुंगीत होते, पण तेवढं कळलं मला.

मेरेट : चौदा.

ग्री : हो.

मेरेट : माझी दोन. मग तीन. मग एकही नाही. मग चार. चार वेळा गेले मी त्या टेबलावर. आणि तू एकदाच जातेस, तेही कशी, तर आदल्या आठवड्यापर्यंत बिअर पीत, आणि चौदा! कोंबडी आहेस का तू?

ग्री : मी काय करू? मागून घेतली नाहीत मी.

मेरेट : माहितीये. जळते मी तुझ्यावर. आता ऐक नीट, पुन्हा नाही बोलणार. "शाब्बास" म्हटलं आणि बाहेर जाऊन संडासात हात पुसायच्या कागदांचा बोळा तोंडात कोंबून रडले. शाळेत दुसऱ्या बायकांचं पोट दिसलं तर मला एवढं नाही होत. तुझंच बघवत नाही. आणि अजून एक सांगते.

ग्री : नको सांगूस.

मेरेट : सांगणार. ते इंजेक्शनचं पेन. त्याची चकती फिरवून डोस लावायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तू सोफ्यावर डोळे मिटून पडली होतीस, गुडघ्यावर मांजर घेऊन. मी खिडकीपाशी उभी. आणि मनात आलं, थोडी कमी फिरवली तर? कुणाला कळणार आहे?

ग्री : मेरेट!

मेरेट : त्यानंतर रोज आकडा तीनदा वाचायचे. मोठ्यानं. तू म्हणायचीस, किती काळजी घेतेस गं माझी.

ग्री : आणि फिरवलीस कमी?

मेरेट : नाही.

ग्री : एकदाही?

मेरेट : एकदाही नाही. दोनशे पंचवीस म्हणजे दोनशे पंचवीस. पण आलं होतं मनात. त्याचं काय करू मी आता?

बोडिल : मेरेट! ओल्या अंगानं बसलीस तर मूत्रपिंडं गारठतील, मग मला सांगायला येऊ नकोस!

मेरेट : आले, बोडिल!

ग्री : मी सांगू एक? सुई टोचून झाली की तू सायकलवर बसायचीस. मी खिडकीतून बघायचे. कोपऱ्यावर तुझा दिवा दिसायचा, मग नाहीसा. तू एस्बेनकडे जायचीस. तो तुझे गार पाय मांडीवर घेऊन चोळणार. मी दार लावायचे आणि मांजराला म्हणायचे, चल, आपण दोघीच. मला तुझा इतका राग यायचा. वाटायचं, मला माणूस नाही, हिला मूल नाही ना, मग असू दे, कुठंतरी फिट्टंफाट. इतकं घाणेरडं वाटायचं, मेरेट. आणि दुसऱ्या दिवशी सातला तूच दारात.

मेरेट : हे कधी बोलली नाहीस.

ग्री : तू सुई घेऊन उभी असायचीस. कोण बोलणार?

मेरेट : मूर्ख बाई.

ग्री : मला एक मागायचंय. सोळा मेला सोनोग्राफी आहे. सात आठवडे. मला तू हवीस तिथं.

मेरेट : आई आहे की.

ग्री : आई म्हणेल, सगळं छान होणार, आणि लगेच पाळणा आणायला धावेल. तिला काही ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. तीनशे बारा आला म्हणजे अजून काहीच पक्कं नसतं, हे तुला ठाऊक आहे.

मेरेट : माझा शेवटचा दोनशे ऐंशी होता.

ग्री : हो.

मेरेट : तोही चांगलाच होता. सातव्या आठवड्यात त्या डॉक्टरणीनं सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडून वळवून घेतला, तेव्हाच मला कळलं. त्या खोलीत मी पुन्हा पाय नाही ठेवणार, ग्री. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

ग्री : बरं.

मेरेट : बरं काय बरं! येईन मी. आत नाही. गाडी घेऊन खाली उभी राहीन.

ग्री : खाली राहून काय उपयोग?

मेरेट : ऐक तरी. बाळाचे ठोके दिसले, तर मला फोन नको, मेसेज नको, फोटो तर मुळीच नको. मागच्या दारानं निघायचं आणि बस पकडायची.

ग्री : बस?

मेरेट : बस. त्यात बसून आईला फोन कर, बोडिलला कर, ड्रायव्हरला मिठी मार. त्या घडीला तुझं तोंड मला नाही बघवणार. आठवड्याभरानं बघेन. येईन मी, माझी मी येईन.

ग्री : आणि ठोके नाही दिसले तर?

मेरेट : तर पुढच्या दारानं ये. गाडी चालू ठेवते.

ग्री : किती वेळ थांबशील?

मेरेट : अर्धा तास. तेवढ्यात आली नाहीस, तर समजेन काय ते.

ग्री : अर्धा तास एकटी काय करशील गं तिथं?

मेरेट : पुढच्या दाराकडे बघत बसेन. आणि म्हणत राहीन, येऊ नको, बाई, येऊ नकोस.