‘नाही’वर चारशे

ब्रिन : ती इस्त्री ठेव खाली, म्हाताऱ्या. आधी मला सांग, माझा गुडघा परत मोडलाय का?

ऑरेस्ट : काय?

ब्रिन : मोडलाय का? कारण कॅम्रोजहून आईचा फोन होता. हमसून हमसून रडत होती. शेजारच्या बाईंनी तिला सांगितलं, तुमची ब्रिन आज पडणार आहे.

ऑरेस्ट : शेजारच्या बाईंना काय स्वप्न पडलं?

ब्रिन : स्वप्न नाही, भाव पडला. तो फोनवरचा सट्टा. ‘ब्रिन हॅल्वर्सन आजची शर्यत पुरी करेल का?’ काल संध्याकाळपर्यंत ‘हो’चा भाव डॉलरमागे एक्क्याण्णव सेंट होता, म्हणजे जवळजवळ खात्रीच. आता एकेचाळीस आहे.

(सकाळचे सव्वानऊ. अल्बर्टातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी स्कींना इस्त्रीनं मेण लावायची खोली. सव्वीस वर्षांची ब्रिन कॅनडाकडून तीव्र उतारावरच्या शर्यती करते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज दहा महिन्यांनी पहिल्यांदा उतरणार, अकरा वाजता. साठीला टेकलेला ऑरेस्ट नऊ वर्षं तिच्या स्कींना मेण लावतोय, धार काढतोय. ब्रिन आत आल्या आल्या त्यानं दाराला कडी घातली आहे.)

ऑरेस्ट : लोकांना उद्योग नाहीत. उद्या पोस्टमन किती वाजता येईल यावरही लावतील. तू कॉफी घे.

ब्रिन : मला नकोय कॉफी. मी ठणठणीत आहे. डॉक्टरला माहितीय, कोचला माहितीय, तुला माहितीय. मग एका रात्रीत पन्नास सेंट कसे उतरतात? माझ्याबद्दल कुणाला तरी असं काही ठाऊक आहे, जे मलाच ठाऊक नाही. ताशी सव्वाशेच्या वेगानं खाली यायचंय मला.

ऑरेस्ट : कुणाला काही ठाऊक नाहीये, पोरी.

ब्रिन : तू इतक्या खात्रीनं कसं सांगतोस?

ऑरेस्ट : कारण हे सगळं माझ्यामुळे झालंय. काल संध्याकाळी मी ‘नाही’वर पैसे लावले. चारशे डॉलर.

ब्रिन : तू? माझ्या पडण्यावर?

ऑरेस्ट : ऐकून तर घे. शिव्या मग घाल, हव्या तेवढ्या. तुझ्या पहिल्या मोठ्या शर्यतीला मी आणि माझा मेहुणा बोहदान बारमध्ये बसलो होतो. मी गमतीत म्हटलं, ही पोरगी आज आपटते, वीस डॉलर. तू तिसरी आलीस! पुढच्या वेळी लावले नाहीत, तर तू थेट कडेच्या जाळीत. खांदा निखळला, आठवतं? त्यानंतर दर शर्यतीला वीस. मी हरलो की तू धडधाकट खाली येतेस.

ब्रिन : अरे देवा. नऊ वर्षं हे चाललंय?

ऑरेस्ट : माझी आजी कुणाची नजर लागू नये म्हणून खांद्यावरून तीनदा थुंकायची. मी वीस डॉलर लावतो. दोन वर्षांपूर्वी बोहदान गेला, मग लावायचे कुणाशी? म्हणून फोनवर खातं उघडलं.

ब्रिन : आणि गुडघा गेला त्या दिवशी?

ऑरेस्ट : त्या डोंगरावर फोनला रेंजच नव्हती. लागलेच नाहीत. दहा महिने तेच डोक्यात आहे माझ्या.

ब्रिन : म्हणून काल चारशे.

ऑरेस्ट : घाबरलो गं. उतारावर काल दिवसभर पाणी मारलंय, नुसती काच झालीय. तुझा गुडघा नवा. वीसनं भागेल असं वाटेना.

ब्रिन : पण तुझ्या चारशेनं एवढा भाव पडतो होय?

ऑरेस्ट : चारशेनं नाही पडत. तिथं कोण काय लावतं ते सगळ्यांना दिसतं. आणि मी गाढवानं नाव दिलंय ‘वेग्रव्हिलचा ऑरेस्ट’. कुणीतरी शोधून काढलं की हा तिच्या स्की तयार करतो. दोन वर्षं वीस-वीस लावणारा माणूस एकदम चारशे लावतो, म्हणजे आतली खबर! धावले सगळे माझ्यामागे. आता ‘नाही’वर अकरा लाख आहेत.

ब्रिन : अकरा लाख. मी पडावं म्हणून.

ऑरेस्ट : हो.

ब्रिन : मग तुझे काढून घे ना. लिही तिथं, चूक झाली म्हणून.

ऑरेस्ट : काढले. लिहिलंही. तर म्हणतात, बघा, आता सारवासारव करतोय, म्हणजे नक्कीच. भाव आणखी खाली गेला.

ब्रिन : आणि दाराला कडी का घातलीस?

ऑरेस्ट : निरोप येतायत मला. रात्री नुसतं ‘शाब्बास’, ‘देव तुझं भलं करो’. पहाटे एकानं लिहिलं, ‘ऐन वेळी कच खाऊ नकोस.’ साडेसातला हा आला. बघ.

ब्रिन : या माझ्या स्की आहेत. याच टेबलावर ठेवलेल्या.

ऑरेस्ट : खाली वाच.

ब्रिन : ‘तुझ्यानं होत नसेल तर सांग.’ म्हणजे स्की ते स्वतः बिघडवतील? ऑरेस्ट, हा फोटो इथं आत येऊन काढलाय.

ऑरेस्ट : नाश्त्याला गेलो होतो, दहा मिनिटं. दार नुसतं ओढून घेतलं होतं. इथं कुलूप कोण लावतं? आल्यावर सगळं खोललं मी. बूट पकडणाऱ्या बाइंडिंगचे सगळे स्क्रू काढले, नवे घातले, धारेवरून बोट फिरवलं. कुणी हात लावलेला नाही. माझ्या आईची शपथ.

ब्रिन : शर्यतीच्या अधिकाऱ्यांना सांगितलंस?

ऑरेस्ट : त्यांचा पहिला प्रश्न काय असेल? निरोप तुलाच का आले? आपल्यातल्या कुणी सट्टा लावायचा नाही, नियम आहे. शर्यतींना यायचा माझा पास जन्माचा गेला. त्याचं काही नाही, साठी आली माझी. पण चौकशी संपेपर्यंत तुलाही उतरू देणार नाहीत.

ब्रिन : आज उतरले नाही तर ऑलिंपिकचा संघ विसरायचा. उद्या नावं जाहीर होतायत.

ऑरेस्ट : तरी नको उतरूस. चार वर्षांनी पुन्हा येईल.

ब्रिन : चार वर्षांनी मी तिशीची असेन, हाच गुडघा घेऊन. आणि मी घरी बसले तर सट्ट्याचं काय होतं?

ऑरेस्ट : उतरली नाहीस तरी ‘नाही’च जिंकतं. तसाच नियम आहे.

ब्रिन : वा! म्हणजे मी मोडले काय आणि घाबरून बसले काय, त्यांचं भलंच. नाही, उतरणार मी. खाली आले की आपण दोघं जाऊन सगळं सांगायचं. चालेल?

ऑरेस्ट : तू म्हणशील तसं.

ब्रिन : एक विचारू? आईचा फोन आला नसता, मी अशी तणतणत इथं आले नसते, तर हे मला सांगितलं असतंस?

ऑरेस्ट : शर्यतीआधी तुझं मन कशाला... तू खाली आल्यावर सांगणार होतो.

ब्रिन : खाली आल्यावर.

ऑरेस्ट : पोरी, तुला माझ्या लेकीसारखं...

ब्रिन : माहितीय. खरंच माहितीय मला.

ऑरेस्ट : चल मग, डोंगरावर जायची पावणेदहाची लिफ्ट चुकेल. मी घेतो स्की.

ब्रिन : राहू देत त्या टेबलावर. स्क्रूड्रायव्हरही तिथंच ठेव.

ऑरेस्ट : कशाला? मी प्रत्येक स्क्रू दोनदा पाहिलाय. नऊ वर्षांत तू कधी हात लावला नाहीस त्यांना.

ब्रिन : हो, नाही लावला. तू जरा बाहेर थांब.