भिंतीतलं भोक

— अहो पाय, पाय! तिथं गायरान आहे माझं, कालच गवत चिकटवलंय, डिंक अजून ओला आहे — हां, असे, त्या फळीवर उभे राहा. तर काय म्हणत होतो पेट्झोल्डसाहेब, धुराडं काही पळून जात नाही, झाडाल सावकाश. डोंगराच्या मागं आहे, तुमचं ते काजळी काढायचं दारही तिथंच आहे, दरवर्षी असतं तिथंच. आणि डोंगर काय, दोघांनी धरला की उचलला जातो. पण आत्ता नाही. आत्ता बोगद्यात मालगाडी उभी आहे, आणि बोगद्यात गाडी असताना डोंगर उचलायचा नाही असा इथला नियम आहे. कुणाचा म्हणजे? माझा! या माळ्यावर स्टेशनमास्तर मी, सांधे बदलणारा मी, फाटकवालाही मीच.

हसू नका. छत्तीस वर्षं बस चालवली मी, लोबाऊ ते त्सिटाऊ, आणि छत्तीस वर्षं त्याच एका रेल्वेच्या फाटकापाशी थांबलो, दिवसातून सहा वेळा. गाडीचा पत्ता नाही, फाटकवाला खिडकीत बसून आरामात सॉसेज खातोय, वर माझ्याकडं बघून हात हलवतोय — आणि मागं बसलेली पन्नास माणसं शिव्या कुणाला देतात? मला. तेव्हाच ठरवलं, एक दिवस घरात माझी छोटी रेल्वे मांडणार, फाटक मी पाडणार आणि थांबायचं दुसऱ्यांनी. हे बघा, हे बटण — पडलं! ती पिवळी बस दिसते? तिच्यात मीच बसलोय, पावणेदोन सेंटिमीटरचा, टोपीसकट. बसू दे बोंबलत.

तुम्ही सारखे त्या भिंतीकडं बघताय. म्हणजे दिसलं तुम्हाला. हो, भोक आहे. उंदरानं नाही हो, उंदीर इतकं गोल कोरतो का? मीच पाडलं, मागच्या मंगळवारी. आता सरकारी माणसासारख्या कपाळाला आठ्या घालायच्या आधी ऐकून घ्या — धुराड्यापासून चांगलं हातभर लांब आहे, तीनदा मोजलंय. पलीकडं काय आहे? पलीकडं... पलीकडं रोझविताची शिवणाची खोली. तीच तर गोम आहे.

कारण वीस वर्षांपूर्वी, इथं पहिला रूळ टाकला त्या दिवशी, आमच्या बाईसाहेबांनी खडू घेतला, या भिंतीवर ही लांब रेघ मारली आणि म्हणाल्या — एकहार्ड, अख्खा माळा तुझा, पण या भिंतीपलीकडं एक रूळ जरी आला, तर त्याच दिवशी मी बहिणीकडं ड्रेस्डेनला, मग तू आणि तुझी आगगाडी सुखानं नांदा. आणि ती बोलली की करते, साहेब. एकदा म्हणाली, मिशी काढल्याशिवाय ताट वाढणार नाही — बघा माझं तोंड. दोन दिवस टिकलो.

मग का पाडलं? अहो, गाडी जायची कुठं? भिंतीपर्यंत. तिथं थांबायची, इंजिन सोडवायचं, दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं, की आली तशी परत. वीस वर्षं! कोंबडीसारखी कोपऱ्यात जाऊन अडकते. तिला वळून यायला वळसा पाहिजे, वळशाला सव्वा मीटर पाहिजे, माझ्याकडं जेमतेम अर्धा — आणि पलीकडं शिवणयंत्राच्या टेबलाभोवती जागाच जागा पडलेली. त्यात ही गेली गरम पाण्याच्या झऱ्यांवर, गुडघ्यांसाठी, तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात मी शहाण्या माणसासारखा वागलो. दुसऱ्या आठवड्यात ड्रिल काढलं, नुसतं बघायला, चालतंय का. तर चालत होतं.

आता तुमचं काम. काय म्हणता? खाली? खाली काय ते नंतर, आधी हे ऐका. रोझविता माझं ऐकत नाही, पण तुमचं ऐकते. दरवर्षी दारातच तुमच्या कोटाचं पितळी बटण चोळते की नाही, धुराडी झाडणाऱ्याचं बटण चोळलं की नशीब उघडतं म्हणून? माझं बटण चोळलंय कधी? तर तुम्ही तुमच्या त्या तपासणीच्या कागदावर एकच ओळ लिहा — धुराड्यालगतची भिंत तापते, हवा खेळायला भोक आवश्यक. खाली सही. ते भोक नेमकं इंजिनाच्या मापाचं कसं, तर योगायोग! त्यात काय खोटं आहे? हवा खेळतेच की, हात लावून बघा. ती चार दहाच्या बसनं येणार, ती बस मी स्वतः अकरा वर्षं चालवलीय, मिनिटाचा फरक पडत नाही. आत्ता वाजलेत तीन. लिहिता ना?

असं बघू नका. मला काय आनंद होतोय का या लबाडीचा? खरं सांगू — वळसा झाल्यावर गाडी मी एकदाच फिरवली. एकदाच! त्यानंतर हात लावला नाही, ती अशीच बोगद्यात उभी आहे. कारण काय, की मी गाडी सोडली की ही पलीकडून कात्रीनं भिंत ठोकते, बंद कर ती खडखड! मग मी जरा हळू करतो, मग ती परत ठोकते, मग मी शिट्टी वाजवतो. वीस वर्षं असंच चाललंय आमचं. आणि त्या दिवशी गाडी वळून, न अडखळता, तोंड पुढं करून परत आली, आणि पलीकडं कुणी ठोकलंच नाही. मी आपला उभा, वाट बघतोय. रडू आलं हो मला. बहात्तर वर्षांचा माणूस. ही खरंच बहिणीकडं गेली तर मी काय नुसता फाटक पाडत बसू? म्हणून तर टेबलाखाली एक स्टेशन केलंय तिच्या नावाचं, बाकावर तिला बसवलीय, हातात पर्स. नाक जरा मोठं झालंय — पण ते आहेच तिचं मोठं. हे बोलू नका कुठं. आणि तुम्ही वर आल्या आल्या तिच्या कोबीच्या सूपला पाणचट म्हणालो, तेही.

अहो, बाही का ओढताय? भिंतीकडं काय बोट दाखवताय? असं, असं — गाडी बघायचीय तुम्हाला! मग तोंडानं बोला की. घ्या, सोडली. सहा वाघिणी, मालाचे उघडे डबे, रिकामे. बघा, बोगद्यातून निघाली, फाटक पडलं, बस थांबली... गेली आत. मोजा आता, बरोब्बर बावीस सेकंदांत त्याच भोकातून बाहेर. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. तेवीस. येईल हो. तीस. यंत्राच्या पायापाशी सांधा जरा ढिला आहे, घसरली असेल... एक मिनिट झालं. पेट्झोल्डसाहेब. मी तर सकाळपासून या माळ्यावरून उतरलो नाही. तुम्हाला खाली दार कुणी उघडलं?

रोझवितानं? आली कधी? दोनच्या बसनं? दोनची बस कधी सुरू केली मेल्यांनी! — हळू बोला, हळू. म्हणजे ती पलीकडं... सगळं ऐकलं? या भोकातून इतकं ऐकू जातं? सूपचं पण? ...नाकाचं?

श्श. आवाज येतोय. रुळांचा आवाज आहे. आली, आली बघा — पण किती हळू, केवढं ओझं ओढतेय बिचारी. सहाच्या सहा वाघिणी भरलेल्या. काय आहे हे? प्लास्टर. भिंतीचं प्लास्टर, साहेब, तिच्या गालिच्यावर पडलेलं. चिमटी चिमटी भरलंय, काठोकाठ, एक कण सांडलेला नाही. आणि इंजिन पुन्हा नीट रुळावर ठेवून... मला तिसऱ्या खेपेला जमतं ते.

एवढ्यानं नाही भागायचं. मोठं भोक आहे, अजून दहा-बारा फेऱ्या तरी होतील. तुम्ही जा आता. डोंगर उद्या उचलू. नाही, नाही, काही लिहू नका, तो कागद ठेवा खिशात. जा म्हणतो ना! मला वाघिणी रिकाम्या करून परत पाठवायच्यात, ती थांबलीय पलीकडं.