पिशवीतली कात्री

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. ऑपरेशनआधी थोरलीच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, म्हणून तिने ते मिटून घेतले होते.

"फोन लाव गं लेकीला. कापड कापलं का विचार."

"ताई, आत्ताच विचारलं. अजून नाही. पंधरा वर्षं तुझ्या हाताखाली शिवतेय ती, येईल तिला."

"शिवते ती. कापते मीच. नवरीचं कापड आहे, उद्या लग्न. चुकलं तर दुसरं मिळायचं नाही."

"तिला तुझी कात्री सापडत नाहीये म्हणे."

"असेल तिथेच कुठेतरी."

"ताई, ही पिशवी एवढी जड कशी?"

"पाण्याची बाटली आहे."

"बाटलीला मुठी असतात?"

"मला वाटलं, इथलं आटपून मीच जाऊन कापेन."

"डोळ्याला पट्टी बांधून?"

"ओरडू नकोस. आधीच छातीत धडधडतंय."

"ऑपरेशनची भीती वाटतेय?"

"ऑपरेशनला कोण घाबरतंय!"

"मग घे, लावलाय फोन. तूच सांग तिला."

"हॅलो, बाळा... कात्री माझ्याकडे आहे. मावशी घेऊन निघालीय. नाही, माझी वाट बघू नकोस, तूच काप. आणि कापून होईपर्यंत माझा फोन उचलू नकोस."